जकात गेली, पण तिने बसवलेला धंदा जागचा हलला नाही (आणि पालिका आता कशावर जगतेय)

टेम्पोवाल्याचा_मुलगा

गेल्या रविवारी बाबांना घेऊन ठाण्याला जात होतो. मुलुंड चेकनाका आला तसं त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, इथं माझं अर्धं आयुष्य रांगेत गेलं. बाबांचा ४०७ टेम्पो होता, मशीद बंदर काळबादेवीचा माल भिवंडी कल्याणकडे न्यायचे आणि तिकडून भरून परत आणायचे, आणि परत येताना जकात. ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, शहराच्या हद्दीत माल शिरला की त्याच्या किमतीवर पालिका कर घ्यायची. दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि मानखुर्द असे पाच मोठे नाके होते, रात्री अकरानंतर ट्रकची रांग लागायची ती पहाटेपर्यंत हलायची नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि त्याच रात्री नाके बंद.

मला लिहायचंय ते वेगळंच आहे. बाबांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाहीये. ते म्हणाले भिवंडी गोडाऊनचं गाव झालं ते काय हवापाण्यामुळे नाही झालं. देशभरातून माल यायचा, तो मुंबईत उतरवला तर सगळ्यावर जकात भरा, मग तो पुढे नाशिकला जाणार असो की सुरतला, परतावा मागत बसा. त्यापेक्षा हद्दीबाहेर उतरवा आणि मुंबईत जेवढा खपणार तेवढाच आत आणा. आणि त्यातही गोडाऊनं भिवंडी शहरात नाहीत बघा, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडे, मानकोली या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत, कारण शहरात गेलं की तिथलीही जकात. म्हणजे कुणीतरी कागदावर हद्दीची रेघ ओढली, कराचा दर ठरवला, आणि भातशेतीच्या जागी पत्र्याच्या शेडचं एक अख्खं शहर उभं राहिलं. माथाडी, टेम्पोवाले, वजनकाटे, चहाच्या टपऱ्या, सगळा रोजगार त्या रेघेच्या पलीकडे.

आता जकात जाऊन एवढी वर्षं झाली, तरी ती गोडाऊनं मुंबईत परत आली का? नाही आली. उलट जीएसटीनंतर तिथं आणखी मोठी झाली, कारण पूर्वी दुसऱ्या राज्यात माल विकला की सेंट्रल सेल्स टॅक्स लागायचा म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात डेपो ठेवायच्या, ती गरज संपली तसे छोटे डेपो बंद करून एकच प्रचंड गोडाऊन टाकायला लागल्या आणि ते टाकायला भिवंडी तयारच होती. कर गेला पण त्याने पाडलेली वाट राहिली.

माझं म्हणणं असं की आपण बजेट म्हटलं की फक्त इन्कम टॅक्सचा स्लॅब बघतो. पण शहरात कुठला धंदा राहणार, कुठला बाहेर जाणार, कुणाचं घर पडणार आणि तिथं काय उभं राहणार हे कराच्या नियमांनी ठरतं, आणि जकात गेल्यानंतर मुंबई पालिकेचं हित कशात आहे हेच बदललंय, ते कुणी नीट बोलत नाही. जाणकारांनी लिहा प्लीज, मला हे समजून घ्यायचंय.

वाशी_मार्केट

दादा भावना समजल्या, पण जकातीची आठवण एवढी गोड करू नका. माझा मसाल्याचा व्यवसाय आहे, नाक्यावर माल अडला की दिवस गेला. नाक्यावर दलाल बसायचे, त्यांच्याशिवाय कागद हलायचा नाही, आणि प्रामाणिकपणे भरणाऱ्याला शेजारचा चुकवणारा दोन रुपये स्वस्तात विकून मारायचा. डिझेल जळायचं ते वेगळंच. जकात गेली ते अतिशय चांगलं झालं, आणि यावर मी माझं मत बदलणार नाही.

टेम्पोवाल्याचा_मुलगा

वाशी_मार्केट, शंभर टक्के मान्य, बाबाही तेच म्हणतात. जकात परत आणा असं मी कुठंच म्हणत नाहीये. पण ती गेल्यावर तिच्या जागी काय आलं हा प्रश्न आहे.

सीए_पार्ले

काय आलं ते सांगतो, कारण हा भाग माझ्या आवडीचा आहे आणि लोकांना खरंच माहीत नसतो.

जकात हे पालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न होतं. माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये येणाऱ्या क्रूडपासून दादरच्या साडीपर्यंत सगळ्यावर. जीएसटीत पालिकेचा स्वतःचा असा हिस्सा नाही, केंद्राचा आणि राज्याचा आहे, बस. म्हणून महाराष्ट्राने २०१७ मध्येच वेगळा कायदा केला की महापालिकांना राज्य सरकार नुकसानभरपाई देईल, दर महिन्याला. मुंबईला पहिला हप्ता मिळाला तो ६४७.३४ कोटींचा. आणि कायद्यात दर वर्षी आठ टक्के चक्रवाढ. आता तुम्हीच कॅल्क्युलेटर काढा, ६४७ गुणिले बारा म्हणजे साधारण ७,७६८ कोटी, त्यावर आठ वर्षं आठ टक्के लावा, १४,४०० च्या जवळ येतं. पालिकेच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये या भरपाईचा आकडा १४,३९८ कोटी आहे. बसतं ना गणित?

आता यातली मेख बघा. हा आकडा मुंबईत धंदा किती झाला यावर ठरतच नाही. मशीद बंदरची पेढी बंद पडो, लोअर परळला नवीन ऑफिस उघडो, कंपनी ठाण्याला जावो, पालिकेचा चेक तेवढाच, अधिक आठ टक्के. पूर्वी माल जास्त आला की पालिकेच्या तिजोरीत जास्त पडायचं, म्हणजे रस्ते बरे ठेवून, बाजार सांभाळून पालिकेचा स्वतःचा फायदा होता, निदान हिशोबात तरी. आता तो धागाच तुटला. पालिकेला व्यापाऱ्याची गरज उरली नाही, मंत्रालयातून येणाऱ्या चेकची आहे.

मग पालिका स्वतःच्या जोरावर काय वाढवू शकते? मालमत्ता कर, आणि बांधकामाचा प्रीमियम, म्हणजे जादा बांधायच्या परवानगीसाठी बिल्डर पालिकेला भरतो तो पैसा. मालमत्ता कराला कुणी हात लावू देत नाही. राहिलं बांधकाम.

गिरगाव_पागडी

मालमत्ता कराला हात का लावू देत नाहीत याचं मूळ खूप जुनं आहे, थोडं लांबेल पण लिहितो, कारण मी त्याच्यातच राहतो.

आमची चाळ १९४० च्या आधीची, तीन मजली, लाकडी जिना. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या काळात ते बरोबरच होतं, युद्धात भाडी भडकली होती, गिरणी कामगाराने काय करायचं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला आणि १९९९ चा नवीन कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंचं फार काही बदललं नाही. आता पालिकेचा कर कशावर? घराचं भाडं किती येऊ शकतं यावर. भाडं गोठलं म्हणजे करही गोठला. म्हणजे बघा, मलबार हिलच्या जुन्या बिल्डिंगमधला प्रचंड फ्लॅट कमी कर भरायचा आणि बोरिवलीत नवीन बांधलेल्या वन रूम किचनवाल्याला जास्त, हे कित्येक वर्षं चाललं.

आणि मालकाला भाडं मिळत नाही म्हणून तो दुरुस्ती करत नाही, बिल्डिंगी पडायला लागल्या, माणसं मेली. मग सरकारने १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं आणि भाडेकरूंवर उपकर बसवला. उपकरप्राप्त इमारत म्हणतात ती हीच. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. त्या उपकरातून जेवढे जमतात तेवढ्यात टेकू लागतात, बाकी काही नाही. आमच्या जिन्याला लोखंडी टेकू आहे तो मी शाळेत असल्यापासून आहे.

म्हणजे भाडं गोठवलं, त्यामुळे कर गोठला, त्यामुळे दुरुस्ती थांबली, मग बिल्डिंग पाडून टॉवर बांधणं हाच एक मार्ग उरला, आणि त्या टॉवरच्या जादा एफएसआयवर (प्लॉटच्या किती पट बांधता येतं त्यावर) सगळं अवलंबून. आमच्या चाळीचं बोलणं चालू झालं तेव्हा आई म्हणाली होती माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे, आई गेली, बोलणं चालूच आहे. बिल्डर दोन बदलले.

सीए_पार्ले

गिरगाव_पागडी, फार नेमकं लिहिलंत. पुढचं मी जोडतो. २०१० पासून पालिकेने पद्धत बदलली, भाड्याऐवजी रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या बाजारभावावर म्हणजे भांडवली मूल्यावर कर. तत्त्व म्हणून योग्यच. पण त्याचे काही नियम कोर्टात गेले, हायकोर्टाने रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचं होतं, २०२० ला कोविड म्हणून पुढे ढकललं, मग निवडणुका येणार येणार म्हणून. आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पूर्ण माफी.

माझं वैयक्तिक मत, ज्यांना राग येईल त्यांनी येऊ द्या: माफीच्या मी विरोधात आहे. गरिबाला सवलत द्या, नाममात्र ठेवा, पण पूर्ण शून्य करू नका. वर्षाला हजार रुपये भरणारा माणूस गटाराबद्दल वॉर्ड ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटतो.

लालबागची_सून

सीए_पार्ले, टेबलावर हात आपटायला पावती लागत नाही हो. आम्ही ३२० स्क्वेअर फुटात सात जण राहतो आणि पाण्याचं बिल, साबणापासून चपलेपर्यंत जीएसटी, सगळं भरतो. माफी मिळाली तर आमची किंमत कमी झाली असं समजू नका. जकात होती तेव्हाही झोपडीतल्या बाईच्या तेलावर ती होतीच ना.

बरं आता मूळ विषयावर. भिवंडी म्हणजे फक्त गोडाऊन नाही, त्याच्या आधी तिथे लूम (कापड विणायचे यंत्रमाग) आल्या, आणि त्यात आमच्या गिरणगावाचा जीव गेला. माझे सासरे गिरणीत विणकाम खात्यात होते. संपाबद्दल सगळे बोलतात, १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पण सासरे नेहमी सांगायचे की घरघर आधीच लागली होती. गिरण्यांना लूम वाढवायला सरकारची बंदी आणि गिरणीच्या कापडावर एक्साइज जास्त. पॉवरलूमच्या छोट्या युनिटांना सूट. हेतू चांगला होता, लहान माणसाला काम मिळावं. पण झालं असं की भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत एकाच शेडमध्ये एकाच मालकाच्या लूम वेगवेगळ्या नावांवर दाखवल्या जायच्या म्हणजे सगळेच छोटे. मग गिरणी मालकांनीच सूत तिकडे पाठवायला सुरुवात केली, कापड तिकडून विणून आणायचं आणि त्यावर गिरणीचा छाप मारायचा. सासऱ्यांच्या हातचं काम असं गेलं. तिकडे लूमवर बसणाऱ्याला ना पीएफ ना ईएसआय, बारा बारा तास.

संपाने शेवटचा धक्का दिला हे खरं, पण करातल्या फरकाने पाया आधीच पोखरला होता. आणि मग जमीन. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळी जागा, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल केला की फक्त जी जमीन आधीच रिकामी असेल तिचेच वाटे, शेड पाडून मोकळी होईल ती धरायची नाही. एका वाक्याचा बदल! २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो मान्य केला. आमच्या मुलांना खेळायला मैदान नाही ते त्या वाक्यामुळे, आणि आमच्या खिडकीसमोर जो टॉवर आहे तो त्या वाक्यामुळे. सासरे म्हाडाच्या लॉटरीची वाट बघत २०१४ ला गेले.

टेम्पोवाल्याचा_मुलगा

ताई, हे वाचून गप्प झालो. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले सूताची बाचकी तेही घेऊन जायचे भिवंडीला, वरळीच्या एका गिरणीतून. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं काम ज्या टेम्पोतून गेलं त्यातला एक आमचाही असेल. काय बोलू.

कांदिवली_२बीएचके

बांधकामावर सगळं अवलंबून म्हणताय त्याचा ताजा अनुभव देतो. कोविडच्या वेळी सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी ५ टक्क्यांवरून २ वर आणली, डिसेंबरपर्यंत, मग मार्चपर्यंत ३. मी भाड्याच्या घरात होतो, बायको म्हणाली आत्ता नाही तर कधीच नाही. ३१ डिसेंबरच्या आत कागद करायला जी झुंबड होती ती मी जन्मात विसरणार नाही, रजिस्ट्रेशनच्या ऑफिसबाहेर मास्क लावून रात्री उशिरापर्यंत माणसं. ऐंशी लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे २ लाख ४० हजार वाचले. पण बिल्डरने किंमत तसूभर कमी केली नाही, उलट तीच सवलत दाखवून मला घाई केली.

त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांना प्रीमियममध्ये ५० टक्के सूट, वर्षभर, अट अशी की स्टॅम्प ड्युटी त्यांनी भरायची. सगळ्या रखडलेल्या फाइली त्या वर्षात पालिकेत भरल्या गेल्या. आणि एप्रिल २०२२ पासून एक टक्का मेट्रो सेस परत, म्हणून मुंबईत स्टॅम्प ड्युटी आता एकूण ६ टक्के. आज आमच्या रस्त्यावर एका वेळी नऊ बिल्डिंगींचं काम चालू आहे, मोजलेत मी. पाण्याची लाइन तीच, रस्ता तोच, धूळ इतकी की मुलीला नेब्युलायझर घ्यावा लागतो. एका वर्षाच्या सवलतीचा परिणाम आमची गल्ली पुढची दहा वर्षं भोगणार.

सीए_पार्ले

हाच तो मुद्दा. प्रीमियम म्हणजे काय तर हवेतली जागा विकून आलेला एकदाचा पैसा, फंजिबल एफएसआय २०१२ पासून आहे, पैसे भरा आणि ३५ टक्क्यांपर्यंत जादा बांधा. पैसा एकदा येतो, पण त्या घरांत राहायला आलेल्यांना पाणी, शाळा, दवाखाना कायमचा द्यायचा असतो. रोजचा खर्च एकदाच्या पैशावर चालवणं म्हणजे घरातलं सोनं मोडून किराणा भरणं. आणि मंदी आली की घरं विकली जात नाहीत, प्रीमियम येत नाही, नेमकी तेव्हाच लोकांना पालिकेच्या दवाखान्याची जास्त गरज असते.

पालिकेकडे ठेवी आहेत म्हणून सगळे निर्धास्त असतात. एके काळी ९० हजार कोटींच्या पुढे होत्या, २०२५ च्या बजेटच्या वेळी ८० हजारांच्या आसपास. त्यातल्या बऱ्याचशा पीएफ, पेन्शन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा अशा बांधलेल्या. आणि खर्च बघा, २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी, त्यात भांडवली खर्च ४३,१६२ कोटी. कोस्टल रोड सुमारे १४ हजार कोटी, रस्त्यांचं काँक्रीट, गोरेगाव मुलुंड जोडरस्ता. कामं हवीतच, मी विरोध करत नाही, पण एवढ्या कामांचे हप्ते ज्या वर्षांत द्यायचेत त्या वर्षांत उत्पन्न कुठून येणार हे विचारायला सभागृहात नगरसेवकच नव्हते, ७ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढची बजेटं प्रशासकानेच मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली.

परभणीहून_मुंबईत

थोडं वेगळं बोलतो. मुंबईचा पैसा बाहेर जातो, आम्हाला परत काय मिळतं, हे मी इथं आल्यापासून दर आठवड्याला ऐकतो. तुमच्या पगाराच्या स्लिपवर प्रोफेशनल टॅक्स कापला जातो ना, २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. तो १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. ७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची, आजोबा पाझर तलावावर. तो दुष्काळ संपल्यावरही काम मागणाऱ्याला काम मिळायचं त्यात मुंबईतल्या कारकुनाचे, बँकवाल्याचे पैसे होते. आजी कधी मुंबईला आली नाही पण तुमच्या पैशांनी तिच्या घरात ज्वारी आली, हे मी मनापासून सांगतो. आणि त्यामुळे गावात राहिलेली माणसं मुंबईच्या फुटपाथवर आली नाहीत हाही मुंबईचाच फायदा. सगळा हिशोब मुलुंडच्या रेघेच्या अलीकडे पलीकडे असा मांडू नका.

लालबागची_सून

दादा तुमच्या आजीला नमस्कार. हे मला माहीत नव्हतं, उद्या नवऱ्याची स्लिप काढून बघते.

बस_क्रमांक_१

बेस्टचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. पूर्वी बेस्टच्या विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरला जायचा, म्हणजे कुलाब्यातल्या ऑफिसच्या एसीने परळच्या माणसाचं तिकीट स्वस्त ठेवलं. ते बंद झालं आणि बस पालिकेच्या अनुदानावर आली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपये केलं तेव्हा गर्दी परत आली होती, मे २०२५ मध्ये ते १० झालं, एसीचं ६ चं १२. माझ्या घरी कामाला येणाऱ्या मावशी दोन बस बदलून येतात, त्यांना महिन्याला किती फरक पडला ते मी त्यांच्याबरोबर बसून मोजलं, दोन्ही वेळचे मिळून ५०० च्या वर गेला. आता त्या एक टप्पा चालत येतात. पालिकेने बेस्टला २०२५-२६ साठी १,००० कोटी दिले, आणि कोस्टल रोडवर बसने जाणारे किती? तिजोरी रिकामी नाहीये हो, कुणासाठी उघडायची ते ठरलेलं आहे.

वाशी_मार्केट

बस_क्रमांक_१, हे पटलं. आणि एक मान्य करतो, सुरुवातीला मी चिडून लिहिलं होतं. जकात वाईटच होती, पण सीए_पार्ले म्हणतात तो मुद्दा मी कधी असा बघितला नव्हता. आमच्या बाजाराच्या बाहेरचा रस्ता पूर्वी निदान चर्चेत तरी असायचा. एक विचारायचंय, केंद्राने राज्यांना जीएसटीची भरपाई पाच वर्षं दिली ती जून २०२२ ला संपली ना? मग पालिकेची कशी चालू आहे?

सीए_पार्ले

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राकडून राज्याला मिळायची ती १४ टक्के वाढ धरून आणि पाच वर्षांसाठीच, ती संपली. राज्याकडून महापालिकांना मिळते ती राज्याच्या स्वतःच्या कायद्याने, ती चालू आहे, आठ टक्क्यांसकट. पण राज्याच्या तिजोरीवर ताण आला तर तो कायदा बदलायला विधानसभेत साधं बहुमत पुरतं. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, शहरांना अधिकार द्या म्हणते, पण कुठले कर द्यायचे ते राज्यावर सोडते. मुंबईच्या एकूण महसुली उत्पन्नाचा सगळ्यात मोठा तुकडा दुसऱ्याच्या सहीवर आहे, एवढं लक्षात ठेवा.

टेम्पोवाल्याचा_मुलगा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांनी काल कपाटातून जुनी पिशवी काढली, त्यात जकातीच्या पावत्या आहेत, काही १९८० च्या दशकातल्या, कार्बनची निळी शाई फिकी झालीय पण वाचता येतात. एकीवर सूत लिहिलंय, एकीवर खोबरं, एकीवर पितळी भांडी. पुढच्या आठवड्यात फोटो टाकतो. आणि दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांच्या जागेवर पालिका ट्रान्सपोर्ट हब आणि कमर्शियल बिल्डिंग बांधणार आहे असं वाचलं होतं, तिथलं काम कुठवर आलंय, त्या बाजूला राहणाऱ्या कुणी बघून सांगाल का?